सेवकरामनं राखलेलं गवत

कोंढा गावात सेवकरामच्या धुऱ्याइतका गुळगुळीत धुरा दुसरा नव्हता. धानाच्या बांधीभोवतीच्या, म्हणजे खाचराभोवतीच्या, त्या मातीच्या पाळीवर गवताची काडी दिसली, की फावडा घेऊन त्यानं ती तासलीच. स्वतःची दाढी मात्र आठ-आठ दिवस वाढलेली. "दोन्ही कामं एका मानसाच्यानं होत नाही जी," असं तोच हसत सांगायचा.

त्र्याऐंशी साली माती अडवायची सरकारी योजना आली. धुरा उंच करा, त्यावर हरळी लावा. अर्धं अनुदान आधी, अर्धं पावसाळ्यानंतर गवत पाहून. सेवकरामची खालची बांधी दरवर्षी एकाच कोपऱ्यात फुटायची आणि रोवलेलं धान नाल्यात जायचं. दुसऱ्या हप्त्यातून तिथं दगडी सांडवा बांधायचा, असं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, रुखमानं, ठरवून टाकलं.

हरळी लागली, चांगली माजली, आणि सेवकरामची झोप उडाली. गवताळ धुरा म्हणजे आळशी माणूस, हे तो जन्मभर दुसऱ्यांना सुनावत आला होता. आता शेजारच्या बांधीत रोवणा करता करता बायजाबाई ओरडायची, "का जी भाऊजी, फावडा गहान टाकला का?"

"सरकारनं गवत राखाले सांगितलं, बाई."

"आळशाले बी पैसे देऊन राहिलं म्हना सरकार!"

दिवाळीनंतर निरोप आला, उद्या साहेब तपासणीला येतात. रुखमानं अंगण सारवलं. सेवकराम उजाडताच शेतावर गेला. पाहुणा शेतावर येणार आणि धुरा असा झिपऱ्या वाढवून बसलेला? हात फावड्याकडे कधी गेला, ते त्याला कळलंही नाही.

साहेब मोटारसायकलवरून उतरले. "गवत कुठं आहे?"

"साफ केलं न साहेब. तुमी येनार म्हनून."

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "अहो, मी गवतच पाहायला आलो होतो."

चहा घेऊन आलेल्या रुखमानं कपाळावर हात मारला. "अनुदान याइले नोका देऊ साहेब, याइच्या फावड्याले द्या!"

साहेब हसले, पण हप्ता अडला. मुळं जिवंत होती म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा बघतो, एवढं बोलून गेले.

कोणी चिडवायच्या आत सेवकरामच पानठेल्यावर सांगत सुटला, "सरकार मले काहीच नाही करन्याचे पैसे देऊन राहिलं होतं. मले थे बी जमलं नाही!"

पुढच्या पावसाळ्यात कोपरा पुन्हा फुटला, धान पुन्हा गेलं. त्या दिवशी मात्र तो कोणाला हसवायला गेला नाही.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी रुखमानं फावडा बायजाबाईकडे नेऊन ठेवला. सकाळी सेवकराम तिच्या दारात हजर.

"जराकसा दे वो. कडा तेवढ्या सारख्या करतो."

"साहेब गेल्यावर या भाऊजी!"

मग तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धुऱ्यावर बसून राहिला. साहेब आले, गवतावरून चालले, वाकून एक झुपका ओढून पाहिला. निघेना. त्यांनी सही केली.

सेवकरामनं हात मोकळे केले. "सही झाली न साहेब? मंग आता तासू का जी?"

साहेबांचा पेन हवेतच राहिला. रुखमा घाईघाईनं मधे पडली, "नाही तासत जी साहेब! सांडव्याचे दगड आजपासूनच वाहाले लावतो याइले."