ट्रीटचं आमंत्रण

"हसा अजून! शेजाऱ्यांनाही बोलवा हसायला," सुलक्षणा नवऱ्यावर चिडली.

शशीला हसू आवरत नव्हतं. सुलक्षणाने कॉलेजच्या कायद्याच्या पेपरात लिहिलं होतं, की दुकानात किंमत लावून माल मांडणं म्हणजे 'इन्व्हिटेशन टू ट्रीट', म्हणजेच दुकानदार गिऱ्हाइकाला पार्टी देतो. त्या एका विषयात ती नापास झाली होती.

"मम्मा, लॉमध्ये ट्रीटचा अर्थ वेगळा असतो," उर्वी म्हणाली. "गिऱ्हाइकाला सौद्याची बोलणी करायला बोलावतात."

"आम्ही पुण्यात पास झालो की ट्रीट द्यायचो. इथे बोलावून नुसतंच बोलतात, हे मला काय ठाऊक?"

आता उर्वीही हसली. शशीने डोळे पुसले. "अगं, टीचर म्हणतायत ना, लॉ सोड आणि नुसतं मॅनेजमेंट घे. ते तुला येतंच. आम्हा दोघांना चालवतेस की!"

सुलक्षणालाही हसू आलं, पण तिने ते दाबलं. नॉटिंगहॅमला आल्यापासून घराचे, गाडीचे, विम्याचे सगळे करार शशीच वाचायचा. तो प्रेमाने बोट ठेवायचा आणि ती तिथे सही करायची. कशावर केली, हे तिला कधीच कळलं नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं होतं ते त्यासाठीच.

"मी लॉ सोडणार नाही," ती म्हणाली. "जूनमध्ये परत पेपर देणार आहे. तोपर्यंत रात्रीचा स्वयंपाक तुम्ही दोघांनी करायचा."