न झालेल्या बास्केटांचे धनी

आमच्या मामांनी आयुष्यात काहीही केलेलं नाही, आणि त्यांच्याइतका कर्तबगार माणूस अख्ख्या म्हैसुरात मी दुसरा पाहिलेला नाही. ही दोन्ही वाक्यं मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. त्यांचे मराठी पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत होते आणि घरातल्या म्हणण्याप्रमाणे चढाईपेक्षा किल्ला राखण्यातच जास्त रमायचे. मामांनी तो वारसा बास्केटबॉलच्या कोर्टावर चालवला. मोहल्ल्यातल्या एका जुन्या क्लबाकडून ते एकोणीस वर्षं खेळले, आणि एवढ्या काळात त्यांनी केलेली बास्केटं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून काही बोटं शिल्लक राहतील. त्यातलंही एक गडबडीत आपल्याच संघावर झालं होतं, असं त्यांचे मित्र सांगतात. मामांचं काम निराळं होतं. समोरच्या संघातला सगळ्यात भारी खेळाडू हुडकायचा, त्याला चिकटायचं आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत त्याला रिंगकडे धड बघूसुद्धा द्यायचं नाही. मामांनी अडवलेले काही खेळाडू पुढे मोठ्या हुद्द्यांवर चढले, पण मामा समोरून येताना दिसले की अजूनही रस्ता बदलतात.

हा माणूस कोर्टावरून उतरला, पण कोर्ट काही त्याच्या अंगातून उतरलं नाही. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे इथं आलेला. मुलगी बघायला गेलो त्या दिवशी मामा माझ्या समोरच्या खुर्चीत बसले आणि सगळा वेळ माझ्या कंबरेकडे बघत राहिले. मी आधी पट्टा चाचपला, मग शर्ट सारखा केला, मग पाणी मागितलं. मनातल्या मनात माझ्या नाही नाही त्या शंका घेऊन झाल्या. शेवटी मामांनी निकाल दिला, "मुलगा चांगला आहे. पळणारा नाही." पुढे ओळख वाढल्यावर मी याचा खुलासा मागितला, तेव्हा ते म्हणाले, "नोडी, बघा, चेहरा लबाड असतो. डोळे इकडं बघतात, माणूस तिकडं जातो. पण कंबर जाईल तिकडंच माणूस जातो. मी चाळीस वर्षांत कुणाचा चेहरा बघितला नाही." हे शब्दशः खरं असावं, कारण आमच्या लग्नाच्या फोटोत त्यांना माझा भाऊ ओळखता येत नाही.

त्याच लग्नात त्यांनी जो पराक्रम केला तो आमच्या दोन्ही घरांत आजही सांगितला जातो. सासऱ्यांच्या एका चुलतभावाला साखरेचा विकार होता आणि त्यांचा सगळा जीव मैसूरपाकात होता. त्यांच्या बायकोनं सहज मामांना म्हटलं, जरा लक्ष ठेवा. झालं. ते गृहस्थ ताट घेऊन डावीकडून निघाले तर मामा डावीकडे, उजवीकडे वळले तर मामा उजवीकडे. गुडघे किंचित वाकवलेले, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, आणि अंगाला बोटही न लावता. बिचाऱ्यांनी एकदा भाताकडे जातोय असं दाखवून हुलकावणी द्यायचा प्रयत्न केला, तोही फुकट गेला. अखेर ते घामाघूम होऊन मठ्ठ्याचा पेला घेऊन बसले. देवराज मार्केटातही तोच प्रकार. भाजीवाल्याचा हात मऊ टोमॅटोकडे वळायच्या आत तिथं मामांचा हात पोचलेला असतो. आता मामा दिसले की भाजीवाले टोपलीच पुढे सरकवतात, तुम्हीच निवडून घ्या म्हणतात.

नोकरी त्यांनी बेळगोळच्या एका कारखान्यात केली, सुरक्षा विभागात. कुणाचा हात यंत्रात जाऊ नये, कुणाच्या डोक्यावर काही पडू नये, हे बघायचं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांची पंचाईत झाली. बाकीच्यांनी काही ना काही केलं होतं, मामांच्या विभागात इतक्या वर्षांत काहीच झालं नव्हतं. साहेब दोन मिनिटांत भाषण उरकून खाली बसले. मामा घरी येऊन मामींना म्हणाले, "बोलायला काही नव्हतं त्यांच्याकडं. म्हणजे मी काम बरोबर केलं, अल्ला? नाही का?" मामींनी हो म्हटलं. तेवढा एक शब्द बोलायला त्यांना वाव मिळाला, कारण एरवी मामा समोरच्याचं वाक्य कुठं चाललंय हे आधीच ओळखून वाटेतच अडवतात. "अहो, या रविवारी जरा..." एवढं मामी म्हणाल्या की मामांचं "होत नाही" तयार असतं. एकदा मामींना फक्त रविवारी पायसम करते एवढंच सांगायचं होतं. त्या रविवारी पायसम झालं नाही. मामा दिवसभर स्वयंपाकघरात डोकावून गेले.

अशा या माणसाच्या आयुष्यात गेल्या वर्षी एक पेचाचा प्रसंग आला. क्लबानं आपल्या छोट्या हॉलमध्ये एक कीर्तिफलक लावायचं ठरवलं. पॉलिश केलेलं लाकूड, सोनेरी अक्षरं आणि क्लबाच्या थोर खेळाडूंपैकी पाच जणांची नावं. मामा निवड समितीत होते, आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी हट्टानं एक नियम करून घेतला. एका जरी सभासदाचा विरोध असेल तर ते नाव बाजूला ठेवायचं आणि पुढच्या निवडीला, म्हणजे तीन वर्षांनी, पुन्हा बघायचं. ऐरागैरा कुणी फलकावर घुसू नये हा त्यामागचा हेतू. हा नियम म्हणजे जणू रिंगखाली उभा असलेला त्यांचाच एक भाऊ होता.

त्या दिवसांत मामांना दुसरा विषय नव्हता. आमच्या गोकुलमच्या घरी येऊन ते चहा गार होईपर्यंत बोलायचे. "ज्यानं बॉल आत टाकला त्याचं नाव स्कोअरबुकात लिहितात. ज्यानं आत जाऊ दिला नाही त्याचं कुठं लिहितात? त्याच्या नावापुढं फक्त फाऊल. पुस्तक वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस नुसता धक्के मारायला आला होता." मी विचारलं, "कुणाबद्दल म्हणताय, मामा?" ते म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही. सुम्ने, उगाच आपली तत्त्वाची गोष्ट आहे." तत्त्व कोण हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मामी एकदा मला हळूच म्हणाल्या, की फलकाचा रंग वाळायच्या आधी यांनी नवा शर्ट शिवून ठेवलाय. मामांना आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी हवं होतं, आणि ते मागणं त्यांना जमत नव्हतं.

निवडीची सभा रविवारी सकाळी होती. गाडी माझी, म्हणून मीही हॉलमध्ये मागच्या बाकावर बसलो. क्लबाचे अध्यक्ष म्हणजे मामांचे बालमित्र, आपल्याच एका जुन्या मराठी घरातले, आणि एके काळचे क्लबातले सगळ्यात नामी नेमबाज. तरुणपणी रोज संध्याकाळी सरावात मामा त्यांना अडवायचे, आणि ती सवय पुढे सभांमध्येही चालू राहिली. अध्यक्षांनी भिंतींना पिवळा रंग सुचवला तर मामांचा विरोध, दिवे सुचवले तर विरोध, सरावानंतर केळी द्यावीत म्हटलं तर केळ्यांना विरोध. एवढं असूनही त्या दिवशी पहिलं नाव अध्यक्षांचं निघालं तेव्हा मामा म्हणाले, "त्याचं घ्या. त्याला अडवणं मला एकट्यालाच जमायचं." आणखी तीन नेमबाज विनासायास पार झाले. पाचव्या जागेवर गाडी अडली.

सेक्रेटरी बँकेत नोकरी करणारा, नियमांना धरून चालणारा तरुण. तो लॅपटॉप उघडून म्हणाला, "मामा, डिफेन्सवाल्याला घ्यायचं तर कशावरून घ्यायचं? रेकॉर्डच नाही." मामा उभे राहिले आणि वीस मिनिटं बोलले. कुणाचंही नाव न घेता. बंगळूरहून आलेला एक सहा फुटी खेळाडू एका सामन्यात कसा रिकाम्या हातानं परत गेला ते त्यांनी सांगितलं, त्याला कोण चिकटलं होतं ते मात्र गाळलं. ते बसले तेव्हा मलाच टाळी वाजवावीशी वाटली.

मग अध्यक्ष काठी टेकत सावकाश उठले. इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या आठवड्यात मोहल्ल्यात अशी कुजबुज होती की अध्यक्षांना पाचवं नाव एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचं घालायचं आहे. त्या व्यापाऱ्यानं क्लबाला रिंगचे खांब दिले होते आणि बॉलला कधी हातही लावला नव्हता. मामांनी ती कुजबुज मनात धरून ठेवली होती. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली, "या क्लबासाठी ज्यानं सगळ्यात जास्त केलं, पण ज्याच्या हातून बास्केट काही झालं नाही, असा एक माणूस..."

"विरोध," मामा ताडकन उभे राहून म्हणाले. "सेक्रेटरी, लिहून घे. माझा विरोध."

सेक्रेटरीनं लिहून घेतलं. अध्यक्षांनी तरीही वाक्य पुरं केलं. नाव मामांचं होतं.

चाळीस वर्षांत कुणाच्या हुलकावणीला न फसलेला माणूस त्या सकाळी, कुणी हुलकावणी दिलेली नसताना, फसला. सेक्रेटरी कसाबसा म्हणाला, "मी खोडतो, मामा. कुणी बघितलं नाही." बाकीचेही हो हो म्हणू लागले. मामांनी उजवा हात सरळ वर केला. त्यांच्या काळी रीतच होती, पंचानं शिट्टी वाजवली की ज्याच्याकडून फाऊल झाला त्यानं स्वतः हात वर करायचा, म्हणजे टेबलावरच्या माणसाला लिहायला चूक होत नाही. "खोडायचं नाही," ते म्हणाले. "शिट्टी झाली. आय्तु, संपलं." अध्यक्ष म्हणाले, "अरे, सुम्ने वेड्यासारखं करू नको." पण मामांचा हात वरच राहिला. सेक्रेटरीनं मान खाली घालून विरोध कायम केला, तेव्हा कुठं तो खाली आला. मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की मी बाहेर जाऊन उगाच गाडीची काच पुसत बसलो.

घरी जाताना मामा म्हणाले, "परवागिल्ल, चालायचंच. तीन वर्षंच आहेत." फलक लागला, त्यावर चार नावं आली, आणि मामांनी नव्या शर्टात समारंभाला येऊन सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांना नवंच काम लागलं. ते रोज सकाळी अध्यक्षांच्या घरी जातात. गोळ्या घेतल्या का बघतात, त्यांना धरून क्लबाच्या मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावतात. अध्यक्ष मामांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, आणि अलीकडे त्यांची तब्येत तोळामासा झालेली.

मागच्या महिन्यात मी दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. डॉक्टरबाईंनी अध्यक्षांचे गुडघे तपासले, एक्स-रे बघितला आणि म्हणाल्या, गुडघे अजून तीन-चार वर्षं सहज काढतील. "गुडघ्यांचं राहू द्या," मामा म्हणाले. "माणसाचं सांगा." बाई हसल्या. मामा हसले नाहीत.

बाहेर बाकावर औषधांची वाट बघताना अध्यक्ष म्हणाले, "तू कशाला काळजी करतोस रे? मी पत्र लिहून सेक्रेटरीच्या फायलीत ठेवलंय. मी नसलो तरी तुझं नाव पुढं जाईल."

"पत्र बेड," मामा म्हणाले. पत्र त्यांना नको होतं. "तू स्वतः उभा राहून बोलायला पाहिजे. पूर्ण बोल, कितीही वेळ घे. मी गप्प बसणार."

तेवढ्यात औषधं आली. मामांनी अध्यक्षांच्या हातातली औषधांची पिशवी काढून आपल्याकडे घेतली आणि दोघं माझ्या गाडीकडे चालू लागले. तीन वर्षं म्हणजे काही फार मोठा काळ नाही, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगतो आहे.