रुमालाआडचा पासवर्ड

राजूरच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा मुख्य पासवर्ड फक्त सुपरवायझर सरांना माहीत असे. तो टाइप करायची वेळ आली की ते मला बाहेर डोंगराकडे बघायला सांगत, कीबोर्डवर रुमाल पसरत आणि त्याखाली बोटं चालवत. मी तिथली कंत्राटी शिक्षिका. मशीन बिघडलं की पहिला संशय माझ्यावर, आणि माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची शिफारसही सरांच्याच हातात. राग गिळायची सवय मी तिथेच लावून घेतली.

मुलं शिकताना काहीतरी उडवणारच, म्हणून मी डिस्क इमेज करायची ठरवली. म्हणजे अख्खी डिस्क एका फाईलमध्ये. इन्स्टॉल न करता चालणारा एक प्रोग्रॅम ती फाईल उघडतो आणि पडद्यावरच्या चौकटीत दुसरा कॉम्प्युटर सुरू होतो. मुलांनी तो मोडला तर फाईलची नवी प्रत घ्यायची, झालं.

या इमेजमध्ये मला मराठी टायपिंगचे धडे घालायचे होते. इमेज खरी डिस्क म्हणून मशीनला जोडायची तर मुख्य पासवर्ड लागतो. पण न जोडताही, तिला साधी फाईल समजून तिच्या पोटात धडे ठेवता येतात. आपल्या डब्यात कुठली भाजी भरायची हे आपण ऑफिसात विचारायला जात नाही, तसंच ते.

एके दिवशी सरांना पडद्यावरच्या चौकटीत ही अनोळखी डिस्क चालताना दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी रुमालाखाली पासवर्डच बदलून टाकला. मी आत गेले की स्टाफरूममधलं बोलणं थांबायचं. मी लॅबमध्ये एकटी कधी असते, हे सर शिपायाला विचारत असल्याचं कानावर आलं. शिपायानेच त्यांचे कान भरले असावेत असं मला वाटू लागलं. मग मीही त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघू लागले.

शेवटी न राहवून मी सरांना शेजारी बसवलं. मुलांच्या साध्या लॉगिनमधून रिकामी इमेज तयार केली, तिच्यात धडा घातला आणि ती चालवून दाखवली. त्यांनी दुसऱ्या मशीनवर पुन्हा करायला लावलं. तिथेही झालं. माझा जीव भांड्यात पडला.

"मंजी पासवर्ड तुमी चोरला न्हाई," सर म्हणाले.

"नाही, सर."

"चोरायची गरजबी न्हाई तुमाला." मग त्यांनी माझ्याकडची लॅबची किल्ली मागितली. मला वाटलं, दार स्वतः लावणार असतील.

किल्ली परत मिळाली नाही, शिफारसही झाली नाही. मी कारण विचारायला गेले तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं, चहाही मागवला.

"आधी नुसता संशय हुता, मॅडम," ते म्हणाले. "आता खात्री झाली."