अक्काला गाळून

माझं कुंकवाचं बोट अक्काच्या कपाळापाशी पोचलं होतं. मेघनाताईंनी माझं मनगट धरलं. हळूच, हसत.

"तिला नको गं. पुढे चल."

मी पुढे गेले.

हे आधी लिहिते. नाहीतर सांगता सांगता मी स्वतःला चांगली ठरवीन.

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावातलं संक्रांतीचं हळदीकुंकू. मेघनाताई माझ्या नवऱ्याच्या मॅनेजरच्या पत्नी. अक्का, म्हणजे सेल्वी, श्रीलंकेतली तमिळ. मी काम करते त्या पाळणाघरात तिनेच मला डच बोलायला शिकवलं. तिला मीच आग्रह करून आणलं होतं. कांजीवरमवर रेनकोट घालून ती सायकलवर आली.

आमच्यात ओळख झाली की पहिला प्रश्न, मिस्टर कुठे असतात? म्हणजे कुठल्या कंपनीत. स्वयंपाकघरात अक्काबद्दल तो प्रश्न आला आणि मी मूर्खासारखं खरं सांगून टाकलं. तिकडच्या यादवी युद्धाच्या शेवटच्या आठवड्यात लष्कराने तिच्या नवऱ्याचं नाव लिहून घेतलं आणि त्याला बसमध्ये चढवलं. तो परत आला नाही. युद्ध संपलं. नवे रस्ते झाले, हॉटेलं झाली. बसमधल्या माणसांचं काय झालं ते कुणी सांगत नाही. मृत्यूचा दाखला घ्या, म्हणतात. अक्का सही करत नाही. अशा कितीतरी बायका तिकडे अजून नवऱ्याचा, मुलाचा फोटो धरून रस्त्याकडेला बसतात.

मला वाटलं, ऐकून सगळ्या गप्प होतील. मेघनाताईंनी एवढंच विचारलं, म्हणजे नवरा नक्की आहे की नाही?

मी पुढे गेले तेव्हा अक्का मान किंचित पुढे करून बसली होती. तशीच बसून राहिली. तिला मराठी येत नाही. तिला सगळं कळलं.

आणखी सात कपाळं झाली. मग माझे पाय मागे वळले.

"कॉन्व्हेंटवाली तू, तुला नाही कळायचं," मेघनाताई म्हणाल्या. "आधी तिला ठरवू दे, सवाष्ण आहे की नाही ते."

कुणीतरी हसलं.

सही मागणारे तिकडचे साहेब तरी दुसरं काय म्हणतात? तूच ठरव. तूच मार त्याला, म्हणजे आम्ही सुटलो. तेच युद्ध इथे, तिळगुळाच्या ताटाशी येऊन बसलं होतं. आणि ताट माझ्या हातात होतं.

"तिने का ठरवायचं?" माझा आवाज फाटला. "ज्यांनी नेलं त्यांनी सांगू दे."

मी बोट पुढे केलं. अक्काने ते बाजूला सारलं. इंग्रजीत म्हणाली, मी रोज सकाळी माझं मी लावते. खरंच, तिच्या कपाळावर कुंकू होतंच. मी ताट खाली ठेवलं. आम्ही निघालो.

नवरा म्हणतो, एका ओळीचा सॉरीचा मेसेज टाक, माझं अप्रेझल आहे. टाकणार नाही.

सोमवारी अक्काला म्हणाले, सात कपाळं होईपर्यंत मी तुला गाळलं होतं. "असू दे," असं ती म्हणाली नाही. बरं झालं.

मी खाली मान घालून बोलणारी मुलगी. पण आता तिच्याबद्दल कुणी विचारलं, मिस्टर कुठे असतात, तर सांगेन, नेलंय, परत आणलेलं नाही. आणि विचारणारीची नजर खाली जाईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत उभी राहीन.