बांबूवरचं ग्रीस

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. चोरी कोणत्या गावची आणि पंचनामा कोणत्या गावचा, हे आठवायला वेळ लागतो. गोदावरीतल्या त्या माणसाचं प्रकरण मात्र वेगळं आठवतं. नावं कुणाचीच लिहिणार नाही. काही माणसं अजून त्याच तालुक्यात राहतात आणि खटला अजून संपलेला नाही.

तेव्हा मी गेवराई तालुक्यातल्या नदीकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. संक्रांत होऊन गेली होती. संध्याकाळची हजेरी चालू असताना दोन माणसं आत आली. एक ग्रामसेवक, दुसरा मेडिकलचा दुकानदार. दोघंही पस्तिशी ओलांडलेले, चांगल्या कपड्यांतले, पण पँटी गुडघ्याच्या वरपर्यंत चिखलाने भरलेल्या. ठाणे अंमलदाराने खुर्च्या दिल्या. दुकानदार बसला नाही.

"साहेब, आमचा दोस्त नदीत बुडाला," ग्रामसेवक म्हणाला.

हकीकत अशी सांगितली. तिघं शाळेपासूनचे मित्र. ट्रॅक्टरच्या ट्यूबांचा तराफा करून नदीतून खाली जायचं, गळ टाकून मासे धरायचे, काठावर मुक्काम करायचा, अशी सहल त्यांनी ठरवली होती. सकाळी निघाले. जुन्या बंधाऱ्याखाली एक डोह आहे, तिथं मासे धरताना मित्राचा पाय घसरला आणि तो गेला. दोघांनी शोधलं, सापडला नाही.

मी दोघांचे जबाब घ्यायला लावले, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि उजाडताच शोध पथक डोहावर नेलं. आधी गळ लावलेले दोर फिरवले, मग पाणबुडे उतरवले. दुसऱ्या दिवशीही तेच. हाती आली एक चप्पल, तीही दुसऱ्याच कुणाची.

बुडालेल्या माणसाचं चौसाळ्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. त्याची बायको अंगणवाडीत कामाला. ती पहिल्याच दिवशी दिराबरोबर आली आणि काठावरच्या बाभळीखाली बसली. रडणं वगैरे काही नाही. पाणबुडा वर आला की उठून उभी राहायची, त्याने मान हलवली की खाली बसायची.

मी जवळ गेलो तेव्हा म्हणाली, "साहेब, त्यांना पवता येत होतं. लहानपणापासून हिरीत पवायचे. पाय घसरून कसं कोण बुडल?"

"पोहणारी माणसंही बुडतात, ताई."

"बुडत असतील. पण मग इथं दिसायला पायजेत ना?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या डोहाला ओढ फारशी नाही. तिथं बुडालेलं माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं, हा काठावरच्या सगळ्यांचा अनुभव. मोबाईलवरूनही काही कळेना. त्या पट्ट्यातल्या पाच-सहा गावांना एकच टॉवर आहे आणि मित्राचा फोन त्याच्याबरोबरच पाण्यात गेला होता.

शोधाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वरून फोन आला. अपघात आहे, अकस्मात मृत्यूत नोंद घ्या, उगाच लांबवू नका. हा फोन इतक्या लवकर कसा आला याचं मला नवल वाटलं. बुडालेल्या रिवाइंडिंगवाल्यासाठी वरून फोन येत नाहीत.

संध्याकाळी ठाण्यात एक म्हातारी आली. डोहाच्या बरीच खाली, नदीच्या पात्रात तिची टरबुजाची वाडी होती. रानडुकरं वेल तुडवतात अशी तक्रार द्यायला ती आली होती. ठाणे अंमलदार तिला वनखात्याकडे पाठवत होता. माझ्या केबिनचं दार उघडं होतं. जाता जाता ती म्हणाली, "एवढे पोलीस त्या डोहावर काहून बसलेत? ते पोरं तर माझ्या वाडीपुढून खाली गेलते."

मी तिला आत बोलावलं. चहा सांगितला.

"मावशी, किती जण होते?"

"तिघंबी होते की. ट्यूबांवर बसून. मधला गाणं म्हणत होता, लई बेसूर. मला म्हणला, मावशी, येताना टरबूज नेतो, ठिवा एक."

"मधला कसा होता?"

"काळा, टक्कल पडलेला. गळ्यात लाल गमचा."

बायकोने सांगितलेलं वर्णन हेच होतं. म्हणजे ज्या डोहात तो बुडाला म्हणत होते, त्या डोहाच्या खाली तो जिवंत होता आणि गात होता. म्हातारीचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. भीती वाटते का, विचारलं. म्हणाली, "जे दिसलं ते सांगितलं. त्याला काय भ्यायचं?"

दुसऱ्या दिवशी मी दोघांना बोलावलं आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. ग्रामसेवक तयारीने आला होता. पुन्हा तीच हकीकत, त्याच शब्दांत, एखादा शब्दही इकडचा तिकडे नाही. खरं सांगणारा माणूस दरवेळी थोडं वेगळं सांगतो, कारण तो आठवत असतो. पाठ करून आलेला माणूस चुकत नाही. त्याला मी तसंच बसू दिलं.

दुकानदाराला मी बुडण्याबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, "ही सहल ठरवली कुणी?"

तो थोडा गोंधळला. मग म्हणाला, "त्यानंच. दिवाळीपासून मागं लागला होता."

"काय काय ठरवलं होतं?"

आणि तो बोलायला लागला. दर रविवारी तिघं रिवाइंडिंगच्या दुकानात जमायचे. ट्यूबा कुठून आणायच्या, बांबू किती जाड घ्यायचा, तराफा जोडायचा कसा, यावर वाद व्हायचे. एकदा ट्यूबा भरून शेततळ्यात उतरवून बघितल्या, तेव्हा ग्रामसेवक पाण्यात पडला आणि तिघं पोट धरून हसले. मरळ माशासाठी गळाला बेडूक लावायचा की गांडूळ, यावर एक अख्खा रविवार गेला. मित्राने बायकोकडून माशाच्या मसाल्याची पुडी बांधून घेतली होती. दुकानदार सांगत होता आणि त्याचा चेहरा सैल होत गेला. मला माणसांचा एक अनुभव आहे. वाईट घडलं त्याबद्दल ती खोटं ठरवून येतात. त्याच्या आधी जे चांगलं होतं, त्याबद्दल खोटं ठरवून येण्याचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

"मग पहिल्या दिवशी जेवायचं कुठं ठरलं होतं?"

"बेटावर. पात्रात एक बेट लागतं, चिंचेचं झाड हाय त्याच्यावर. डोहात मासे धरायचे आन् बेटावर जाऊन भाजायचे."

"मासे मिळाले?"

"दोन मरळ मिळाल्या. मोठ्या."

"कशा झाल्या?"

"मसाला थोडा जास्त झाला, पण..."

तो थांबला. ते बेट टरबुजाच्या वाडीच्याही खाली आहे. बाहेर शिपाई मोटारसायकल पुसत होता, त्याचा आवाज येत होता. दुकानदाराने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

मी त्याला घेऊन ठाण्याच्या मागे गेलो. मुद्देमाल म्हणून तराफा तिथं उभा करून ठेवला होता. आदल्या संध्याकाळी म्हातारी गेल्यावर मी तो बारकाईने बघितला होता. पुढच्या आडव्या बांबूवर सरळ खोल खाच पडली होती आणि तिच्यात काळं ग्रीस बसलं होतं. डोहात ग्रीस लागायला काय आहे? त्या भागात नदीत ग्रीस एकाच ठिकाणी असतं. वाळू उपसणाऱ्या बोटी ज्या तारेच्या दोराला बांधतात, त्या दोराला.

मी त्या खाचेवर बोट ठेवलं. "हे कुठं लागलं?"

तो तिथंच खाली बसला.

"साहेब, आमी त्याला मारलं न्हाई. पण आमी त्याला वाचवलंबी न्हाई."

मग जे कळलं ते असं. बेटावर जेवून तिघं खाली निघाले. पुढे वळणावर वाळूचा बेकायदा उपसा चालू होता. पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत तारेचा दोर ताणलेला, पाण्याच्या जेमतेम वर. ऊन समोरून होतं, दोर दिसला नाही. तराफा आदळला आणि उलटला. हे दोघं ट्यूबांना धरून काठाकडे आले. मित्र उपशाने पडलेल्या खड्ड्याच्या बाजूला फेकला गेला. खाली पाणी फिरत होतं, कडेची वाळू ढासळत होती. पोहून कडेला आला की पायाखालची वाळू निसटायची आणि तो परत आत जायचा. शेवटी त्याने तो दोर धरला आणि लटकून राहिला. हाका मारत होता.

काठावर बोट होती. माणसं होती. हे दोघं पळत तिकडे गेले. मजूर बोटीकडे धावलेही. पण तिथल्या मुकादमाने त्यांना अडवलं. त्याने आधी मालकाला फोन लावला. तहसीलचं पथक जवळपास आहे अशी बातमी होती, आणि बोट मध्ये गेली तर लांबूनही दिसली असती.

"मी त्याच्या पाया पडलो साहेब," दुकानदार म्हणाला. "तो म्हणला, थांब बे, मालक काय म्हणतेत बघू."

मालक काय म्हणाले ते कळेपर्यंत दोर रिकामा झाला होता.

मग मालक स्वतः आला. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा भाऊबंद. त्याने ग्रामसेवकाला बाजूला घेऊन नोकरीची आठवण करून दिली. दुकानदाराचा मेहुणा त्याच मालकाचा ट्रॅक्टर चालवायचा, त्याची आठवण दुकानदाराला दिली. तराफा ट्रॉलीत टाकून डोहावर नेला. काय सांगायचं ते दोघांकडून घोकून घेतलं. बोटी आणि दोर आम्हाला कळायच्या आधीच हलवले होते.

दुकानदाराचा जबाब लिहून झाल्यावर मी ग्रामसेवकाच्या खोलीत गेलो आणि त्याला एवढंच सांगितलं, की मरळीला मसाला जास्त झाला होता हे मला कळलं आहे. त्याने रडत रडत सगळं सांगितलं.

लगेच पथक वळणावर नेलं. मासेमारी करणारी दोन भावंडं खड्ड्यात उतरली. ढासळलेल्या वाळूत अर्धा पुरलेला तो सापडला. तळहातांवर तारेचे व्रण होते. पंचनामा करताना माझ्या हवालदाराने तीन वेळा पेन खाली ठेवलं. नोकरीत त्याने माझ्याहून जास्त मढी बघितली होती.

बायको दिराबरोबर पथकामागून तिथं आली होती. तिला सगळं सांगणं माझं काम होतं. दीर म्हणाला, पाय घसरला तेच राहू द्या, तिला कशाला त्रास. तिने ते ऐकलं.

"साहेब, ते हाका मारत होते का?"

मी दिराकडे बघितलं. मग म्हणालो, "हो. मारत होते."

"कुणाला?"

"दोस्तांना. आणि दुकानदार म्हणतो, तुमचंही नाव घेतलं."

तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलं."

मुकादम आणि मालकावर गुन्हा दाखल केला. मुकादम त्याच आठवड्यात सापडला. मालकाला पकडायला मला फार फिरावं लागलं आणि जामीन मिळायला त्याला फार थांबावं लागलं नाही. दोघा मित्रांना सरकारी वकिलांनी साक्षीदार केलं. दोषारोपपत्र मी पाठवलं आणि थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. बदलीचं कारण कुणी सांगत नाही आणि आपण विचारायचंही नसतं.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त होऊन माजलगावला राहायला आलो होतो. साक्षीला गेलो. ग्रामसेवक उलटला. मला काही आठवत नाही म्हणाला, खाली बघत. मेडिकलवाला टिकला. त्याच्या दुकानावर दगड पडले, मेहुण्याचं काम गेलं, तरी टिकला. टरबुजाच्या वाडीवालीने कोर्टात त्या बेसूर गाण्याबद्दलसुद्धा सांगितलं. वकिलाने तिला तीनदा थांबवलं, तिने तिन्ही वेळा पुढे सांगितलं.

लोक मला विचारतात, या नोकरीने काय शिकवलं. या प्रकरणापुरतं सांगतो. त्या काठावर कुणालाच तो मेला पाहिजे असं वाटत नव्हतं. मुकादमालाही नाही. त्याला फक्त विचारायचं होतं. मालकाला फक्त बोट वाचवायची होती. मित्रांना नोकरी आणि मेहुणा नंतर आठवला; तेव्हा तेही मुकादमाच्या फोनकडे बघत उभे राहिले. प्रत्येकाने आपल्यापुरतं थोडं थांबून बघितलं आणि तेवढ्यात माणूस गेला. खून करणारा माणूस शोधायला सोपा असतो. थांबून बघणाऱ्याला कोणतं कलम लावायचं, हे मला नोकरीच्या शेवटापर्यंत नीट कळलं नाही.

मागच्या तारखेला त्याची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. केस पिकले आहेत तिचे. न्यायाधीश रजेवर होते, पुढची तारीख पडली. मी जिना चढून दम खात उभा राहिलो. तिने सरकून जागा दिली.

"साहेब, तुमी दमलात. काहून येता आता? तुमची साक्ष तर झाली."

"सवय," मी म्हणालो.

"मला दमून चालत न्हाई," ती म्हणाली, आणि डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

तारीख आली की मी जातो. तिथं माझं काही काम नसतं. त्या बाकावर तिच्या शेजारी आरोपींच्या बाजूची माणसं दाटीवाटीने बसलेली असतात. एक जागा आपल्याकडून भरलेली असावी, म्हणून जातो.