राणीच्या अंगावरचे गोचीड

बेंगळूरच्या शिवाजीनगरात, बाजारामागच्या गल्लीत आप्पाजी टांग्याच्या घोड्यांचं चामडी सामान शिवायचे. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथेच गेलेल्या; घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यांच्या पत्नी चंद्राबाई. ऐन तारुण्यात देवी आल्या आणि त्यांची दृष्टी गेली. मूलबाळ नव्हतं. टांग्याच्या अड्ड्यावरून आप्पाजींनी कुत्र्याचं एक तांबूस पिल्लू आणलं, त्याचं नाव राणी. राणी मोठी झाली तसं तिच्या पाठीवर बोटं टेकवून चंद्राबाई नळावर, देवळात एकट्या जाऊ लागल्या.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात राणीला गोचीड झाले. गल्लीत त्यांना उण्णी म्हणत. आप्पाजींना दिसायच्या आधी ते चंद्राबाईंच्या बोटांना लागायचे, कधी कानाच्या आत, कधी गळपट्ट्याखाली. शेजारचे विठोजी म्हणाले, पेटती विडी टेकवा, आपसूक सुटतील. आप्पाजींनी एकदा तसं केलं. राणी केकाटली, गोचीड जागचा हलला नाही.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर प्राणेश हे ऐकून रागावले. गोचिडाला भाजलं किंवा दाबलं की तो पोटातली घाण जखमेत ओकतो, असं त्यांनी सांगितलं. चिमट्यानं कातडीलगत धरायचा, न पिळता सरळ आणि सावकाश ओढायचा, रॉकेलच्या वाटीत टाकायचा.

मग रोज संध्याकाळी चंद्राबाई चाचपून शोधत आणि आप्पाजी ओढून काढत. राणी निमूट पडून राही. तरी सकाळी नवे सापडत. डॉक्टर म्हणाले, भिंतीच्या भेगांत त्यांची अंडी असतील. आप्पाजींनी भेगा चुन्यानं बुजवल्या, राणीचं गोणपाट जाळलं. पण भिंतीपलीकडच्या गोदामात गल्लीतली कुत्री झोपत, आणि गोदामाचा मालक त्याच्या बाजूच्या भेगांना हात लावू देईना. आप्पाजी दोनदा जाऊन विनवून आले. दोन्ही वेळा तो 'सरी, बरं, बघू' म्हणाला आणि विसरला.

पावसाळ्यात राणीनं खाणं सोडलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी कॉफीच्या डिकॉक्शनसारखी काळपट होऊ लागली. गोचिडाचा ताप रक्तात भिनलाय, डॉक्टर म्हणाले. त्यावरच्या औषधाची सुई मद्रासहून यायला हवी होती.

"मागवली आहे, अण्णा. तोवर पाणी पाजत राहा. माझ्या हातात दुसरं काही नाही," ते आप्पाजींना म्हणाले.

चंद्राबाई राणीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी घालत बसल्या. पाणी ओठांवरून ओघळून जाई. बोटं मात्र सवयीनं तिच्या कानांत फिरत राहिली.

"माझ्या हातून एखादा सुटला असेल का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही. तू एकही सोडला नाहीस."

हे खरं की खोटं, आप्पाजींनाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी राणी गेली.

सुई नंतर आली. डॉक्टरांचा निरोप आप्पाजींनी लपवला नाही. ती दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला देतील का, एवढंच चंद्राबाईंनी विचारलं. दिली, आणि ते कुत्रं वाचलं, असं पुढे कळलं.

आप्पाजींनी त्यांना वेताची काठी आणून दिली. ती हातात धरून त्या उंबऱ्यापर्यंत जात, गल्लीतल्या सायकलींच्या घंटा ऐकत, आणि परत फिरत. तुम्ही चला माझ्याबरोबर, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. शेवटी आप्पाजींनी दुकानातलं काम घरी आणलं. ओसरीवर बसून ते खोगिरं शिवू लागले. नळाचं पाणीही तेच भरत.