पुढाऱ्याची दोन भाषणं

ती विधिमंडळात लघुलेखिका होती. सभागृहाच्या मधोमध तिचं टेबल, त्यावर पाच टोकदार पेन्सिली, आणि भोवती तावातावाने भांडणारी माणसं. जे कानावर पडेल ते जसंच्या तसं उतरवायचं, तोंड मिटून.

घरी तिची जोडीदारीण होती, शाळेत गणित शिकवणारी. दोन खोल्यांत दोघींचा नऊ वर्षांचा संसार. लघुलेखिकेची आई मात्र पाहुण्यांना सांगायची, "हिला एकटीला भीती वाटते हो, म्हणून मैत्रीण राहते सोबत."

बाईने बाईवर प्रेम करणं तेव्हा गुन्हा होता. तो कायदा रद्द करा, अशी मागणी सभागृहात पहिल्यांदा आली आणि एक पुढारी उठला. आवाजामुळे सगळे त्याला नगारा म्हणत.

"असल्यांना मोकळं सोडायचं? दवाखान्यात डांबा आणि किल्ली विहिरीत टाका!"

सभागृह खदखदून हसलं. तिने वाक्य लिहिलं, पुढे कंसात लिहिलं: हशा.

भाषण वर्तमानपत्रात आलं. आठवडाभरात कुणीतरी शाळेत चुगली केली आणि मास्तरणीची नोकरी गेली. ती रडत बसली नाही, रस्त्यावर उतरली. सुरुवातीला अकरा जणं फलक घेऊन विधिमंडळाच्या पायऱ्यांवर उभी राहायची. लोक थुंकायचे. लघुलेखिका मागच्या दाराने कामावर जायची. त्याची लाज तिला कायम वाटत राहिली.

चौदा वर्षं गेली. खटले झाले, मोर्चे वाढले, घराघरांतल्या मुलांनी आईबापांना तोंडावर खरं सांगितलं. मग पुढाऱ्यांना त्यात मतं दिसू लागली, आणि मतं दिसली की यांना माणुसकीचा पुळका येतोच. कायदा पुन्हा चर्चेला आला. नगारा उठला आणि त्याने डोळ्यांना रुमाल लावला.

"या अन्यायाशी मी पहिल्या दिवसापासून लढतोय!"

तिने तेही लिहिलं.

मधल्या सुट्टीत तो टेबलापाशी आला. "ताई, ते माझं जुनं भाषण... लिहिण्यात चूक झाली असेल. जरा दुरुस्त करून घ्या."

"चूक नाही, साहेब. हशा पिकला म्हणून तुम्ही ते वाक्य दोनदा म्हणालात. दोन्ही वेळा लिहिलंय."

"अहो, तुमच्याच लोकांसाठी मत देतोय ना मी!"

"द्या की. त्याचाच पगार घेता."

जुनी भाषणं कुणालाही मागून वाचता येत. तिने मास्तरणीला खंड आणि पान सांगितलं. कायदा रद्द झाला त्या दिवशी नगारा हार घालून घ्यायला पायऱ्यांवर आला, आणि मास्तरणीने त्याच्यासमोरच दोन्ही भाषणं एकापाठोपाठ वाचली. लोक पोट धरून हसले. तो काही लाजला नाही. "माणूस बदलतो हो!" म्हणाला आणि हार स्वतःच गळ्यात घालून, फोटो काढून निघून गेला.

कार्यालयाने लघुलेखिकेकडे खुलासा मागितला. तिने एका ओळीत दिला: मी फक्त पान सांगितलं. पुढे कुणी विचारलं नाही.

महिन्याने शाळेचं पत्र आलं, पुन्हा रुजू व्हा म्हणून. माफीचा एक शब्द नव्हता. लघुलेखिका म्हणाली, "फाडून टाक."

"जाणार मी," मास्तरीण म्हणाली. "ते निर्लज्ज आहेत म्हणून पोरांचं गणित का कच्चं राहू द्यायचं?"